उसाच्या चिपाडाचा हातकागद: घरच्या घरी पहिला दस्ता

सांगली-सातारा पट्ट्यात हातकागद शिकायचा तर कच्च्या मालासाठी वणवण करावी लागत नाही. वाळवा, पलूस, मिरज, कराड, कुठल्याही बाजूला जा, उसाचं चिपाड, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, आहेच. विट्यात माग आहेत, त्यामुळे सुती कातरण मिळतं. हळद तर सांगलीचीच, आणि तिचाही या कामात एक चांगला उपयोग आहे; तो पुढे येईलच.

नवीन माणसाचा ओढा मात्र थेट साच्याकडे असतो. टबात साचा बुडवायचा, अलगद वर घ्यायचा, जाळीवर ओला ताव. व्हिडिओत तेवढंच दिसतं आणि तेवढंच काम वाटतं. खरं तर ताव उचलणं एका दुपारात हाताला बसतं. कागद चांगला निघणार की नाही हे त्याआधीच ठरून गेलेलं असतं, चाळणीत आणि धुण्यात. म्हणून या लेखात त्या दोन कामांवर जास्त वेळ घालवणार आहे. साच्याचं सुतारकाम कुणीही सांगेल.

आधी गणित

सुरुवात एक किलो वाळलेल्या चिपाडापासून करा, त्याहून जास्त नको. त्यातला साधारण तीस टक्के भुसा चाळून निघून जातो. उरलेल्या सातशे ग्रॅमपैकी शिजवून-धुऊन निम्माच धागा हाती राहतो, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम. त्यात दीडशे ग्रॅम सुती चिंध्यांचा लगदा घातला की झाला अर्धा किलो. ए-फोर मापाचा, दीडशे जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला दीडशे ग्रॅम) जाडीचा ताव नऊ-साडेनऊ ग्रॅमचा असतो. हिशेबाने पन्नास ताव निघायला हवेत, पण पहिल्या खेपेला सांडलवंड धरून एक दस्ता, म्हणजे २४ ताव, पदरात पडले तरी उत्तम.

जाडी मोजायला यंत्र लागत नाही. ए-फोरचं क्षेत्रफळ जवळपास एका चौरस मीटरचा सोळावा भाग असतं. वाळलेला ताव वजनकाट्यावर ठेवा, जितके ग्रॅम भरतील त्याला सोळाने गुणा, आला जीएसएम. झेरॉक्सचा कागद पाच ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणून तो ऐंशीचा.

दिवस निवडायचे तर फेब्रुवारी-मार्च. गळीत हंगाम सुरू असतो, चिपाड ताजं मिळतं, हवा कोरडी असते. जून ते सप्टेंबर या भानगडीत पडू नका; ओला ताव वाळायच्या आत बुरशी धरतो.

चिपाड आणायचं कुठून

"टाकाऊपासून टिकाऊ" हे वाक्य घेऊन गुऱ्हाळावर गेलात तर गुळव्या हसेल. गुऱ्हाळावर चिपाड टाकाऊ नसतं. ते अंगणात पसरून वाळवतात आणि काहिलीखालच्या चुलवाणात तेच जाळतात. साखर कारखान्यातही बगॅसवर, म्हणजे याच चिपाडावर, बॉयलर चालतो, वीज तयार होते. तेव्हा मागायचं तर रीतसर मागा, पाटीभरच मागा, आणि जळणाचे पैसे देऊ करा. बहुतेक वेळा पैसे घेत नाहीत, वर कपभर रस पाजतात, ही गोष्ट वेगळी.

शिकण्यापुरतं रसवंतीचं चिपाड सगळ्यात सोयीचं. दुमडून दुमडून चरकातून काढलेलं असल्यामुळे ते आधीच चांगलं चेचलेलं असतं. लिंबाची सालं आणि आल्याचे तुकडे तेवढे वेचून काढा. त्यात साखर बरीच राहिलेली असते, म्हणून आणल्या दिवशीच दोन-तीन पाण्यांतून काढून उन्हात टाका. रात्रभर पोत्यात बांधून ठेवलेलं चिपाड सकाळी आंबूस वास मारतं आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

पाचट आणू नका. पाचट म्हणजे पान. त्यात वाळूसारखा सिलिका जास्त आणि कामाचा धागा कमी. ते शेतात कुजवलेलंच बरं.

भुसा काढणं

एक वाळलेलं चिपाड हातात घेऊन उभं फाडा. दोन गोष्टी दिसतील. बाहेरच्या सालीकडे कडक, लांब दोरे. आणि आतल्या अंगाला पांढरा, हलका, बोटांत चुरगाळला की पीठ होणारा गाभा. कागद होतो तो दोऱ्यांचा. गाभ्याच्या पेशी फुगीर आणि आखूड असतात, त्या एकमेकींना धरत नाहीत. उलट लगद्यात राहिल्या तर पाणी धरून ठेवतात, जाळीतून निथळा होत नाही, आणि वाळलेला ताव कडकड वाजतो पण दुमडला की मोडतो. कागदावर चमकणारे बारीक ठिपके दिसले तर समजा, भुसा राहिला.

काढायची पद्धत अशी. चिपाड कडक वाळवा. बोटभर लांबीचे तुकडे करा. पोत्यात भरून काठीने बडवा, मग गव्हाच्या चाळणीवर घोळा. खाली पडतो तो भुसा, वर राहतो तो धागा. पुन्हा बडवा, पुन्हा चाळा. शेवटी सुपात घेऊन वाऱ्यावर पाखडा. घरात सूप धरणारं कुणी असेल तर हे काम त्यांच्याकडे सोपवा. सराईत हात दहा मिनिटांत जे करतो ते आपल्याला तासाभरात जमत नाही. नाकातोंडावर फडका बांधायलाच हवा. चिपाडाची धूळ, त्यातून जुन्या साठवलेल्या चिपाडाची, छातीला वाईट; कारखान्यांत वर्षानुवर्षं बगॅस हाताळणाऱ्यांना त्याने फुप्फुसाचा आजार होतो.

भुसा फेकू नका, गोठ्यात अंथरायला किंवा खड्ड्यात कुजवायला चालतो.

शिजवणं

उसाच्या धाग्यात सेल्युलोजबरोबर लिग्निन असतं, जे धाग्यांना एकमेकांशी चिकटवून ठेवतं. ते सोडवायला अल्कली लागतो. कारखाने कॉस्टिक सोडा वापरतात; घरी तो आणायचाच नाही. आपल्याला धुण्याचा सोडा पुरतो. खाण्याचा सोडा नव्हे, आणि कपड्यांची पावडरही नव्हे. किराणा दुकानात नाही मिळाला तर धोबी किंवा रंगारी जिथून घेतात तिथे मिळतो.

सातशे ग्रॅम धागा रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी ओतून द्या. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात दहा लिटर पाणी घ्या, गरम होत आलं की त्यात दीडशे ग्रॅम सोडा हळूहळू सोडा, मग धागा घाला. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा जर्मनचा टोप चालणार नाही. सोडा त्या धातूला खातो, वायू सुटतो आणि भांडं काळं पडतं. चूल अंगणात मांडा, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, पोरंबाळं लांब. उकळी आली की आच मंद करून तीन-चार तास शिजू द्या, अधूनमधून लाकडी दांड्याने खालीवर करा. पाणी चहापेक्षा काळं होतं आणि गूळ करपल्यासारखा वास येतो.

झालं की नाही हे घड्याळावर ठरवू नका. एक दोरा काढून थंड पाण्यात बुडवा आणि दोन्ही चिमटींत धरून लांबीच्या दिशेने ओढा. सहज सुटून त्याचे बारीक तंतू झाले तर उतरवा. टणक वाटला किंवा रबरासारखा ताणला तर अजून तासभर.

धुणं आणि हळदीची पट्टी

आता हळद. अर्धा चमचा हळद दोन चमचे स्पिरिटमध्ये कालवा, पांढऱ्या सुती कापडाच्या बोटभर पट्ट्या त्यात बुडवा आणि सावलीत वाळवा. हळदीला चुना लागला की लाल होते हे कुंकू करणाऱ्यांपासून वरणाचा डाग साबणाने धुणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. सोड्यानेही तेच होतं.

शिजलेला धागा मच्छरदाणीच्या पिशवीत घाला आणि पाण्यात खळबळा. पहिलं पाणी काळं येईल, दुसरं तपकिरी, मग पिवळट. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसलं की बहुतेक जण थांबतात, आणि इथेच पुढचा कागद पिवळा पडायची सोय होते. पाणी स्वच्छ दिसत असताना धाग्याच्या आत सोडा असतोच. पिशवी पिळून त्या पाण्यात पट्टी बुडवा. विटकरी झाली तर आणखी धुवा. पुढच्या पाण्यात नारिंगी, त्यापुढे कडेला जेमतेम लाली. पट्टी पिवळीधमक राहिली की मग पिशवी अर्धा तास नुसती पाण्यात ठेवून पुन्हा तपासा. आतला सोडा हळूहळू बाहेर येतो, म्हणून ही दुसरी तपासणी चुकवायची नाही. पट्टी लगद्यात टाकू नका, हळदीचा डाग कागदाला कायमचा बसतो.

एक सूचना बोअरच्या पाण्याबद्दल. कृष्णाकाठच्या काही गावांत बोअरचं पाणी इतकं क्षाराचं असतं की धुण्याच्या आधीच पट्टीचा रंग बदलू शकतो. म्हणून पहिली पट्टी कोऱ्या पाण्यात बुडवून बघा. लोखंडाचा अंश असलेलं पाणीही टाळा, कागदावर तांबूस ठिपके उठतात. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

चिंध्या

नुसत्या चिपाडाचा कागद होतो, पण ठिसूळ. उसाचा तंतू मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. सुताचा त्याच्या कितीतरी पट लांब. तीस टक्के सूत मिसळलं की ताव दुमडायला लागतो. जुनं धोतर, बनियन, मागावरचं कातरण, काहीही चालेल, फक्त पॉलिस्टरची भेसळ नको. दोन धागे काढून पेटवा: सूत कागदासारखं जळून भुरभुरीत राख होते, पॉलिस्टर वितळून काळा मणी होतो. मणी झाला तर ते कापड बाजूला.

कापडाचे नखाएवढे तुकडे करा. मोठे राहिले तर मिक्सरच्या पात्याला सुताचा पीळ बसतो आणि मोटार जळते. सोड्याच्या पाण्यात तासभर उकळून तेही पट्टी पिवळी राहीपर्यंत धुवा.

कुटणं

कागदात गोंद नसतो. तंतू कुटले की त्यांच्या अंगावर बारीक लव सुटते, पाणी निघून जाताना हे तंतू एकमेकांजवळ येतात आणि सेल्युलोज सेल्युलोजला धरतं. म्हणून कुटणं म्हणजे बारीक करणं नव्हे. उखळ-मुसळ असेल तर धागा चेचला जातो, तेच हवं असतं. मिक्सर चेचण्याऐवजी कापतो, पण पहिल्या दस्त्यासाठी चालेल: भांडं दोन-तृतीयांश पाण्याने भरा, मूठभर लगदा घाला, दहा-दहा सेकंदांचे चार-पाच झटके. कापडाचा लगदा वेगळा फिरवा, त्याला जास्त वेळ लागतो.

तपासायला काचेच्या बरणीत पाणी घ्या, चिमूटभर लगदा टाकून जोरात हलवा आणि उजेडासमोर धरा. धुक्यासारखा सारखा पसरला तर ठीक. गुठळ्या दिसल्या तर आणखी एक-दोन झटके. फार कुटलेला लगदा बुळबुळीत होतो, निथळत नाही, आणि ताव वाळताना आकसून वाकडा होतो.

साचा

सारख्या मापाच्या दोन लाकडी चौकटी. एकीवर नायलॉनची किंवा स्टीलची बारीक जाळी ताणून ठोकायची, दुसरी मोकळी ठेवायची. ती वर बसते आणि तावाची कड ठरवते. सागवान असेल तर उत्तम, नसेल तर कुठल्याही लाकडाला दोन हात वार्निश. जाळी ओली झाल्यावर सैल पडते, म्हणून ओली करूनच ताणा. एवढंच.

ताव उचलणं

वीस लिटरच्या टबात दीडशे ग्रॅम सुक्या धाग्याइतका लगदा पुरे. ढवळल्यावर हात घातला तर बोटं अंधूक दिसावीत. जास्त लगदा घालून जाड ताव काढायचा मोह आवरा; दाट पाण्यात तंतू पसरत नाहीत, ढगाळ कागद होतो.

साचा जाळी वर करून धरा, त्यावर मोकळी चौकट बसवा, दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी दाबा. पलीकडची कड आधी, तिरपी आत घाला, पाण्याखाली साचा आडवा करा आणि सरळ वर उचला. आता पाणी निथळत असताना एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे हलकेच हलवा, म्हणजे तंतू उभे-आडवे गुंततात. पृष्ठभागावर पाण्याची चकाकी असते तोवरच. चकाकी विझली की हात स्थिर. त्यानंतर हलवलात तर बसलेली घडी फाटते. वरची चौकट झटक्यात, सरळ उचला. तिच्यावरून पडलेला एक थेंबही तावाला खळगा पाडतो, आणि तो वाळल्यावर उजेडात स्पष्ट दिसतो.

बिघडला तर साचा पालथा करून पाण्याला टेकवा, लगदा परत टबात. काही वाया जात नाही, त्यामुळे पहिल्या तासात मनसोक्त बिघडवा. दर दोन-तीन तावांनंतर थोडा लगदा घालून ढवळत राहा, नाहीतर शेवटचे ताव पापडासारखे पातळ निघतील.

कडा फाटक्या, लवदार येतात. त्या कापू नका, हातकागदाची तीच ओळख. लिहिताना मात्र चारी बाजूंना मोकळी जागा सोडा. समर्थ रामदासांनी लेखनाबद्दल सांगताना हेच सांगितलंय: भोवतालची जागा सोडून मध्ये लिहावं, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडत नाही. सज्जनगडावर येणाऱ्या-जाणाऱ्या वह्यांचे कोपरे त्यांनी बघितलेले असणार.

उतरवणं, दाबणं, वाळवणं

फळीवर घडी केलेलं ओलं घोंगडं अंथरा, वर ओला मांजरपाट. माण-खटावकडचं जुनं, धुऊन मऊ झालेलं घोंगडं या कामाला फार चांगलं, लोकर पाणी ओढून घेते आणि दाबही सगळीकडे सारखा पोचतो. साच्याची एक कड कापडावर टेकवा, साचा पालथा घालत दुसऱ्या कडेपर्यंत लोळवा आणि उचला. ताव कापडावर राहतो. त्यावर दुसरा मांजरपाट, पुढचा ताव. असे बारा-पंधरा झाले की वर दुसरी फळी.

दाबायला गाडीचा जॅक आणि लोखंडी चौकट असेल तर उत्तम. नसेल तर फळीवर दोन माणसं उभी करा आणि नंतर ज्वारीचं पोतं ठेवून द्या. दाबायचा कंटाळा करू नये. न दाबलेला ताव वाळतो खरा, पण फुगीर आणि पोचट होतो, बोटाने लव निघते.

मार्चच्या उन्हात ताव थेट टाकू नका, कडा आधी वाळून वाकतात. सावलीत, वाऱ्यावर, कापडासकट दोरीवर अडकवा. एक बाजू गुळगुळीत हवी असेल तर कापडावरून सोडवून काचेवर चिकटवा, वाळला की आपोआप सुटतो. पूर्वीचे कागदी, म्हणजे कागद करणारे लोक, लिंपून घोटलेल्या भिंतीवर चिकटवायचे, तीच युक्ती.

खळ आणि घोटणं

अशा कागदावर शाईचा पेन टेकवला तर शाई पसरते. त्यासाठी खळ. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम तांदळाचं पीठ किंवा मक्याचा स्टार्च पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा, कोमट असताना रुंद ब्रशने वाळलेल्या तावाच्या दोन्ही बाजूंना लावा. पुन्हा वाळल्यावर गुळगुळीत दगडाने किंवा मोठ्या कवडीने घोटा. ताव सपाट पाटावर ठेवायचा आणि एकाच दिशेने दाब द्यायचा. काही मिनिटांत कागदाला मंद चकाकी येते आणि पेन अडकत नाही.

खळीत तुरटी घाला असं कुणी सांगेल. तुरटीने शाई थांबते, पण कागद आम्लधर्मी होतो आणि काही वर्षांत तांबूस, ठिसूळ पडतो. पेशवाईतली दफ्तरं जुन्नरी, दौलताबादी हातकागदावर लिहिलेली आहेत आणि आजही पानं उलटता येतात. लाकडाच्या लगद्याचं वर्तमानपत्र मात्र खिडकीत पडलं तर उन्हाळाभरात पिवळं होतं. आपल्या कागदात उसाचं थोडं लिग्निन राहणारच आहे, त्यात तुरटीची भर कशाला? बाइंडर लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांच्या हातात जाणाऱ्या कागदाला लावू नका.

इतकं जमल्यावर पुढे जायचं असेल तर पुण्याची हातकागद संस्था बघून या. १९४० सालापासूनचं काम आहे, आणि बीटर, म्हणजे लगदा कुटायचं यंत्र, तिथे एकदा पाहिलं की मिक्सर का अपुरा ते कळतं. बीटर विकत घेण्याचा विचार त्यानंतर.

काळं पाणी

शिजवलेलं सोड्याचं पाणी ओढ्यात किंवा उसात सोडायचं नाही. वाळवा-मिरज भागात आधीच एकरच्या एकर जमीन क्षारपड झाली आहे, आणि सोड्यातला सोडियम काळ्या मातीला नेमका तोच त्रास देतो. हे पाणी गाळून कॅनमध्ये ठेवा. पुढच्या घाण्याला तेच वापरता येतं, निम्मा सोडा नव्याने घालायचा. दोन-तीन घाण्यांनंतर ते चिकट होतं, तेव्हा ताडपत्री अंथरलेल्या उथळ खड्ड्यात उन्हात आटवा आणि खाली राहिलेला काळा थर खरवडून कचऱ्यात द्या. धुण्याची पहिली दोन पाणीही यातच. नंतरची पाणी, पट्टी पिवळी राहत असेल तर, झाडांना चालतात.

टबात उरलेला लगदा गाळून, मुठीने पिळून गोळे करा आणि कडक वाळवा. कोणत्या गोळ्यात चिपाड किती आणि सूत किती हे चिठ्ठी लावून ठेवा. पुन्हा वापरताना गोळा रात्रभर भिजवून मिक्सरमधून परत एकदा फिरवून घ्या, नाहीतर तावात गाठी येतात.